जंताची बाटली मोठी का देतो, आणि अंडी खायची की नाही

पावसाळा सुरू झाला की आमच्या कोंबड्यांच्या औषधाच्या दुकानात दोन प्रश्न हटकून येतात. एक, "कोंबड्यांना जंत झालेत, अंडी खाल्ली तर आम्हालाही होतील का?" आणि दुसरा, "महिन्यामागे औषध दिलं होतं, परत जंत पडतायत. माल डुप्लिकेट आहे का?" पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांचं आहे. दुसऱ्यापायी आमचा अर्धा दिवस जातो, म्हणून हा कागद छापला. बाटलीबरोबर फुकट आहे, खुराड्याच्या दारामागे लावून ठेवा.

आधी अंड्यांचं. गावठी कोंबडीच्या पोटात शेवईसारखे पांढरे, बोटभर लांब जंत सापडतात ते बहुतेक अ‍ॅस्कॅरिडिया गॅली. हा जंत पक्ष्यांचा, माणसाच्या पोटात त्याचा संसार होत नाही. पोरांना होणारा जंत वेगळा. तो माणसाच्या विष्ठेने खराब झालेल्या मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, नखांतून येतो. त्यासाठीच 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमाराला अंगणवाडीत आणि शाळेत गोळी देतात. (ती गोळी उरली म्हणून कोंबडीला चारू नका. हसू नका, दरवर्षी कोणीतरी विचारतंच.) लहान पिल्लांत रक्ती हगवण लावणारा कॉक्सी, म्हणजे इमेरिया, तोही कोंबडीपुरताच.

मागच्या वर्षी एक वहिनी स्टीलच्या डब्यात फोडलेलं अंडं घेऊन आल्या. पांढऱ्या बलकात आख्खा जंत, वळवळ थांबलेला. हे होतं, पण क्वचित. आतड्यातला जंत खालच्या तोंडाशी येतो, तिथून अंड्याच्या नळीत शिरतो आणि कवच चढायच्या आत अंड्यात अडकतो. त्याने माणसाला आजार होत नाही, पण ते अंडं खा असं आम्हीही म्हणणार नाही. टाकून द्या. आणि समजा की कळपात जंत बरेच झालेत.

मग माणसाला धोका कशाचा? एक आहे टोक्सोप्लाझ्माचा. हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून मातीत येतो, मोकळी फिरणारी कोंबडी माती टोचते आणि तो तिच्या मांसात गाठ धरून बसतो. कोंबडी वरून ठणठणीत दिसते. आपल्या कोंबडी-वड्यांचा रस्सा खळाखळा उकळतो, त्यात तो टिकत नाही; 67 अंश सेल्सिअसच्या वर तो मरतो. भीती आहे ती हाडाजवळ लाल राहिलेल्या तंदुरीची, आणि ज्या विळीवर कोंबडी कापली त्याच विळीवर न धुता चिरलेल्या काकडीची. घरात गरोदर बाई असेल तर कच्चं मटण कापणं आणि खुराडं झाडणं दुसऱ्या कोणीतरी करावं, कारण हा परजीवी पोटातल्या बाळापर्यंत पोहोचू शकतो. खुराड्यात अंथरायच्या तुसाचं (भाताच्या टरफलांचं) पोतं उघडं ठेवू नका. मांजराला हगायला त्याच्याइतकी छान जागा दुसरी नाही.

दुसरा धोका साल्मोनेलाचा. तो जंत नाही, जिवाणू आहे, पण तो माणसाला आडवा पाडतो. शीट लागलेली अंडी वेगळी काढा, कच्चं अंडं दुधात घालून पोरांना पाजू नका, खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुवा. रात्री खुराड्याजवळ गेल्यावर अंगाला खाज सुटत असेल तर फळ्यांच्या फटींत टॉर्च मारून बघा. रक्त पिऊन लाल झालेले बारीक किडे दिसतील. ते माणसालाही चावतात, पण माणसावर राहत नाहीत. तिथे कोंबडीइतकाच इलाज फटींना लागतो.

आता बाटलीबद्दल. वीस कोंबड्यांना एवढी मोठी बाटली कशाला गळ्यात मारता, असं आम्हाला तोंडावर म्हणतात. मारत नाही. त्यात दोन डोस आहेत, आणि लोक पहिला देऊन दुसरा विसरतात. सगळा घोळ तिथेच आहे.

आपल्याकडे जास्त खपतं ते पिपराझिन. ते मोठ्या जंताला लुळं करतं आणि तो शिटीबरोबर बाहेर पडतो. सकाळी तुसावर शेवयांचा पुंजका दिसतो, माणूस खूश होतो, बाटली माळ्यावर जाते. पण आतड्याच्या पापुद्र्यात रुतलेली जंताची पिल्लं या औषधाने मरत नाहीत. ती मागाहून मोठी होतात. शिवाय बाहेर पडलेल्या जंतांच्या पोटात आणि आधीच्या शिटीत हजारो अंडी असतात. ओल्या उबदार तुसात दोन-तीन आठवड्यांत ती पिकतात आणि कोंबडी तीच टोचते. फिनेल ओतून ही अंडी मरत नाहीत. ती मरतात सुकून, कडक उन्हाने. आता कोकणात जुलैमध्ये कडक ऊन कुठून आणायचं, हे आम्हालाही माहीत नाही. म्हणून तूस बदलायलाच लागतं.

तेव्हा पहिला डोस दिल्यावर दुसऱ्या दिवशी खालचं सगळं तूस काढा, खड्ड्यात टाकून कुजवा, जमीन कोरडी करून नवं घाला. आणि एकविसाव्या दिवशी दुसरा डोस. आत राहिलेली पिल्लं तोवर औषधाला सापडण्याएवढी मोठी झालेली असतात, पण अंडी घालायला लागलेली नसतात. नेमकी ती वेळ साधायची. आम्ही बाटलीवर मार्करने तारीख घालतो, वहीत तुमचा नंबर लिहितो आणि त्या दिवशी फोन करतो. फोन उचला. आम्ही काही विकायला फोन करत नाही, बाटली तुमच्याच घरी आहे.

डोस देण्यातही एक गंमत होते. पावसात कोंबडी पाणी कमीच पिते आणि पितेही अंगणातल्या डबक्यातलं. तुम्ही ड्रिंकरमध्ये औषध घालता, संध्याकाळी ते तसंच भरलेलं. त्या दिवशी कोंबड्या कोंडून ठेवा, सकाळी दोन तास पाणी देऊ नका, मग तीन-चार तासांत संपेल एवढ्याच पाण्यात औषध कालवा. किती घालायचं हे वजनावर ठरतं, म्हणून येताना एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) आणि एक मोठी कोंबडी तोलून या. "अशा मध्यमच आहेत" यावर आम्ही डोस सांगत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना जंताचा मार जास्त बसतो, तिथे अंदाज चालत नाही.

लाल शीट पडत असेल तर जंताची बाटली मागू नका, आम्ही देणार नाही. त्यावर काही गिऱ्हाइकं रागावून दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत. कॉक्सीला जंताचं औषध लागू पडत नाही, दोन दिवस फुकट जातात आणि तेवढ्यात पिल्लं जातात. एकदम मर सुरू झाली तर आमच्याकडेही येऊ नका, थेट सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. ते गरजेप्रमाणे नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवतात. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आल्यापासून एवढी शिस्त आम्ही पाळतो.

औषध दिल्यावर किती दिवस अंडी आणि मांस खायचं नाही, ते बाटलीच्या लेबलावर असतं. ते दिवस मोजा. गटारीला किंवा राखणदाराला द्यायच्या राखणीला कोंबडा लागणार असेल तर डोस त्याआधी पुरेसा लवकर द्या, नाहीतर तेवढा कोंबडा वेगळ्या डालग्यात ठेवून त्याला औषध देऊच नका. आषाढात हा घोळ दर घरटी होतो.

तूस आमच्याकडे कोरडं आणि झाकलेलं मिळतं, भाताच्या गिरणीपेक्षा पोत्यामागे थोडं महाग. गिरणीतलं भिजलेलं घेऊन आमच्या औषधाला नावं ठेवण्यापेक्षा ते परवडतं.

जंत आहेत की नाही अशी शंका असेल तर सकाळची ताजी शीट आणा, तीन-चार ठिकाणची मिळून चमचाभर. श्रीखंडाचा रिकामा डबा चालेल, पिशवीत बांधून आणू नका, ती दुकानात फुटते. डब्यावर कोंबड्या किती आणि मागचा डोस कधी दिला ते लिहा. डबा परत मिळत नाही.