रुबिन वेधशाळेचं ऑनलाइन प्रशिक्षण : खातं कोणाला मिळतं, कसं मिळतं

चिलीतल्या सेरो पाचोन डोंगरावरच्या व्हेरा सी. रुबिन वेधशाळेने ३० जून २०२५ रोजी ‘डेटा प्रीव्ह्यू १’ हा आपल्या निरीक्षणांचा पूर्वावलोकन-संच प्रसिद्ध केला. त्याआधीचा ‘डेटा प्रीव्ह्यू ०’ संगणकात रचलेल्या आकाशाचा होता; हा मात्र २०२४च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये लहान चाचणी कॅमेऱ्याने टिपलेल्या खऱ्या आकाशाचा, सात छोट्या भागांचा. तो कसा वापरायचा हे शिकवणारी सत्रं ऑनलाइन होतात आणि त्यांची रेकॉर्डिंग्ज, सरावाचे धडे कोणालाही बघता येतात. प्रत्यक्ष डेटा हाताळायचा असेल तर मात्र ‘डेटा राइट्स’, म्हणजे तो वापरण्याचे हक्क, लागतात. बहुतेकांची गाडी इथेच अडते, तेव्हा पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते की नाही याची काळजी नंतर करा.

हे हक्क कोणाला? अमेरिका आणि चिली इथल्या संस्थांमधले शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी यांना ते आपोआप असतात. इथे नागरिकत्व बघत नाहीत, संस्था बघतात. म्हणजे पुण्याहून अमेरिकन विद्यापीठात पीएचडीला गेलेली मुलगी पात्र. ती परत आली की प्रश्न नव्याने उभा राहतो. इतर देशांतल्या गटांनी वेधशाळेला सॉफ्टवेअर, संगणन किंवा दुर्बिणीचा वेळ अशा रूपात योगदान दिलं असेल, तर त्याच्या बदल्यात ठरावीक प्राध्यापकांना हक्क मिळतात आणि अशा प्रत्येक प्राध्यापकाला चार कनिष्ठ सहकारी, म्हणजे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) किंवा विद्यार्थी, सोबत घेता येतात. म्हणून भारतातल्या विद्यार्थ्याने अर्ज उघडण्याआधी गाइडला सरळ विचारावं : सर, तुमचं नाव हक्क मिळालेल्यांच्या यादीत आहे का, आणि चारांपैकी जागा आहे का? विचारायला संकोच वाटतो खरा, पण याला दुसरा रस्ता नाही.

कागदपत्रं म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. गुणपत्रिका नको, बोनाफाइड नको, फीही नाही. लागतो तो संस्थेचा चालू ईमेल. जीमेलवरून अर्ज केला तर तुम्ही कोणत्या संस्थेचे हे पडताळणाऱ्याला कळायचं कसं?

खातं ‘रुबिन सायन्स प्लॅटफॉर्म’वर, म्हणजे हा डेटा हाताळायच्या संकेतस्थळावर काढायचं. लॉगिनला गेल्यावर ओळख कशाने पटवणार ते निवडा. तुमची संस्था यादीत असेल तर तीच घ्या. मग नाव, ईमेल आणि युजरनेम भरा. युजरनेम नीट विचार करून ठेवा, ते नंतर बदलता येत नाही. ईमेलवर आलेल्या दुव्यावर क्लिक करून पत्ता पक्का करा. हे राहिलं तर अर्ज पुढे सरकतच नाही, त्यामुळे स्पॅमचा फोल्डरही बघा. यानंतर तिथली माणसं हक्क तपासून मंजुरी देतात. त्याला काही कामाचे दिवस जातात, म्हणून सत्राच्या आदल्या रात्री अर्ज करू नका. पुढे लॉगिनची पद्धत बदलायची झाली तर दुसरं खातं न काढता नवी ओळख जुन्याच खात्याला जोडायची.

मंजुरी आल्यावर तीन दारं उघडतात : पोर्टल (ब्राउझरमध्ये शोधायचं पान), नोटबुक (कोड लिहून चालवायची जागा) आणि एपीआय (आपल्या प्रोग्रॅममधून डेटा मागवायची सोय). नवख्याने पोर्टलपासून सुरुवात करावी. आकाशातला पत्ता म्हणून विषुवांश ५३.१३ आणि क्रांती उणे २८.१० अंश टाका. हा ‘चंद्रा डीप फील्ड साउथ’ नावाचा आकाशाचा भाग, सहाही रंगांच्या फिल्टरमधल्या प्रतिमा असलेला. त्रिज्या ०.१ अंशाएवढीच ठेवा. जागेची मर्यादा न घालता अख्खी सारणी मागवली की आपली मागणी (क्वेरी) ताटकळत राहते आणि नवख्याला वाटतं आपलं खातंच बिघडलं. नोटबुकमध्ये काम झालं की नुसती खिडकी बंद करू नका, मेनूमधून सगळं सेव्ह करून बाहेर पडा.

खातं मिळालं म्हणून मूळ सारण्या हक्क नसलेल्या मित्राला पाठवता येत नाहीत. शोधनिबंधातले आलेख, निष्कर्ष चालतात.

हक्क नसतील तरी हात बांधलेले नाहीत. आकाशात काही बदललं की निघणारे अलर्ट धोरणानुसार जगभर खुले आहेत. फिंक, लासेर, अँटारेस अशा ब्रोकर सेवांतून, म्हणजे अलर्ट गाळून पुढे देणाऱ्या सेवांतून, ते मिळतात. शिवाय प्रसिद्धीनंतर दोन वर्षांनी माहितीसंचावरचं बंधन उठतं. तोवर गाया उपग्रहाच्या किंवा स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या खुल्या सारण्यांवर एसक्यूएलचा, म्हणजे सारण्यांतून माहिती मागवायच्या भाषेचा, हात बसवून घ्यावा. गायाच्या क्वेरी ज्या एडीक्यूएलमध्ये, म्हणजे एसक्यूएलच्या खगोलशास्त्रासाठीच्या रूपात, लिहितात, तीच भाषा रुबिनला चालते.

सत्रांच्या वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने लावलेल्या असतात. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिथलं घड्याळ सरकतं, तेव्हा कॅलेंडरमधली जुनी नोंद तपासून घ्या.