भुलेत रक्तदाब का वरखाली होतो?

भूल दिल्यावर पेशंटला काही कळत नाही, हे जाणिवेपुरतं खरं. चाकू लागला की तिथल्या नसा मज्जारज्जूमार्फत मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या नियंत्रण केंद्राला खबर देतातच. मग मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तदाब चढवणारं ॲड्रिनलिन सोडतात, पाठोपाठ कॉर्टिसॉल. ही ताणाची संप्रेरकं. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ४ ते ६ तासांत कॉर्टिसॉल लिटरला ४०० नॅनोमोलवरून १५०० च्याही पुढे जाऊ शकतं. रक्तातली साखरही चढते.

रक्तदाब मात्र आधी उतरतो. भूल सुरू करताना शिरेतून दिलेलं प्रोपोफॉल (किलोमागे साधारण १.५ ते २.५ मि.ग्रॅ.) रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून वयस्कर पेशंटला ते कमी आणि हळू देतात. त्यानंतर श्वासनलिकेत नळी घालताना लॅरिंगोस्कोप हे घशात घालायचं उपकरण जिभेचं मूळ उचलतं. हा धक्का कातडी कापण्याइतकाच, कधी त्याहून तीव्र असतो. वरचा रक्तदाब २०-४० मि.मी.ने उसळतो. तो रोखायला फेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक देतात, पण त्याचा पूर्ण असर यायला ३ ते ५ मिनिटं लागतात. घाईने लगेच नळी घातली, तर उसळी येतेच. औषध चढतं ते नंतर, जेव्हा पेशंट नुसता पडून असतो आणि चाकू अजून लागायचा असतो. मग दाब कोसळतो. इथे मात्रेइतकंच वेळेला महत्त्व आहे.

सेव्होफ्लुरेन हे श्वासावाटे द्यायचं भुलीचं औषध वाढवलं की मॉनिटरवरचा आकडा झटकन सुधारतो. तो फसवा असू शकतो: वाहिन्या सैल झाल्या, संप्रेरकांची लाट फारशी अडली नाही. ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत छातीपर्यंत चढवलेली स्पायनल किंवा एपिड्युरल (पाठीच्या कण्यात सुईने दिलेली) भूल ती लाट खरोखर अडवते, कारण खबरच वर पोचत नाही. पण वाहिन्या आवळणाऱ्या नसाही त्यात बधिर होतात आणि वाहिन्या पुन्हा आवळणारं फिनाइलेफ्रिन हाताशी ठेवावं लागतं. पोटाच्या वरच्या भागात हा उपाय अपुरा पडतो. कारण तिथली खबर नेणारी व्हेगस नस मज्जारज्जूला वळसा घालून मेंदूत जाते.

एटोमिडेट या भूल आणणाऱ्या इंजेक्शनचं उलटं आहे. ते रक्तदाब छान सांभाळतं, पण कॉर्टिसॉल बनवणारं एन्झाइमच काही तास बंद पाडतं. जंतुसंसर्गाने खंगलेल्या पेशंटला ते महागात पडू शकतं.

सरासरी रक्तदाब ६५ च्या खाली रेंगाळला की मूत्रपिंड आणि हृदयाला इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच भूलतज्ज्ञ आधी गोळ्यांची यादी मागतात. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या बऱ्याचदा आदल्या दिवशी थांबवतात, हृदयाची गती आवरणारे बीटा-ब्लॉकर सहसा चालू ठेवतात. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असू शकतात. मग त्याला हायड्रोकॉर्टिसोन (म्हणजे कॉर्टिसॉलच) वरून द्यावं लागतं.