योशिनोगारीचे खंदक आणि जपानमधल्या राजसत्तेचा उगम

जून २०२३ मध्ये जपानच्या क्युशू बेटावर योशिनोगारी येथे एक दगडी थडगे उघडले गेले. आत लाल रंगाचे अंश होते. थोरामोठ्यांच्या थडग्यात ठेवतात तसा आरसा नाही, तलवार नाही. तरी साऱ्या देशाचे डोळे तिकडे लागले होते. जपानमध्ये राजे कधी आणि कसे झाले, हा जुना वाद त्यामागे आहे.

योशिनोगारी सापडले ते औद्योगिक वसाहतीसाठी जमीन घेतली तेव्हा. १९८६ साली उत्खनन सुरू झाले, १९८९ मध्ये गावाचा पसारा लोकांपुढे आला आणि कारखान्यांचा बेत सोडावा लागला. हा निर्णय झाला नसता तर पुढचे बरेचसे कळलेच नसते.

हे गाव यायोई काळातले, म्हणजे जपानमध्ये भातशेती रुजली त्या काळातले. पाणथळ भातशेती कोरियाकडून आधी उत्तर क्युशूत आली. भाताबरोबर बांधबंदिस्ती आली, पाण्याची वाटणी आली आणि कोठारेही. भरलेले कोठार राखावे लागते. गावाभोवतीचा बाहेरचा खंदक सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा आहे, आणि तो हौसेने खणलेला नव्हता. इथे माणसे मोठ्या रांजणांत पुरत, दोन रांजण तोंडाला तोंड लावून. अशाच एका रांजणातल्या सांगाड्याला शिरच नाही. सामान्यांचे रांजण लांबच लांब रांगांनी पुरलेले. मोजक्यांसाठी मात्र मातीचा वेगळा उंचवटा रचलेला, त्यात काशाच्या कट्यारी आणि निळ्या काचेचे नळीदार मणी. माणसामाणसांतली उतरंड इथे मातीतच वाचता येते.

पण सगळे श्रेय भाताला देणे मला पटत नाही. उत्तरेकडे आओमोरीजवळच्या सान्नाई-मारुयामा येथे, यायोईच्या हजारो वर्षे आधी, शिकार, मासेमारी आणि रानमेव्यावर जगणाऱ्या जोमोन लोकांनी सुमारे मीटरभर जाडीचे चेस्टनटचे सहा खांब उभारले होते. एवढे काम संघटनेशिवाय होत नाही. तरी तिथे राजाचे म्हणावे असे थडगे नाही. माणसे एकत्र राबली म्हणजे त्यांच्यावर राजा असलाच पाहिजे, असे नाही.

दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातल्या लढायांनंतर हिमिको नावाची राणी गादीवर बसवली गेली, असे चिनी बखर सांगते. चीनच्या वेई दरबाराने तिला शंभर आरसे धाडल्याची नोंदही तीत आहे. तिसऱ्या शतकात नारा भागात हाशिहाका हे सुमारे २८० मीटर लांबीचे, कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखे टेकाड उभे राहिले. ते हिमिकोचेच, असे काहींचे ठाम मत आहे. राजघराण्याच्या पूर्वजांची म्हणून ठरलेली अशी थडगी खणू दिली जात नाहीत. श्रद्धेचा मान राखूनही, हे दार थोडे तरी उघडावे असे वाटते.

लेखी पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळाला. तोक्योच्या उत्तरेला साइतामात १९६८ साली सापडलेल्या गंजक्या तलवारीवर १९७८ मध्ये क्ष-किरणांनी सोन्याची ११५ अक्षरे दिसली. त्यांत वाकाताकेरू या महाराजाचे नाव होते. वर्ष बहुधा इ.स. ४७१. मग दूर क्युशूतल्या एता-फुनायामा थडग्यातली जुनी तलवार पुन्हा वाचली गेली, आणि तिच्यावरच्या अर्धवट पुसलेल्या अक्षरांतही तेच नाव असल्याचे बहुतेक अभ्यासकांनी मानले. म्हणजे एकाच राजाचे नाव एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन ठिकाणी पोचले होते.