ऑपरेशनची तारीख मिळाली, पण हृदयाची शंका आहे? सर्जनला काय सांगायचं, कोणते कागद न्यायचे

हर्निया, पित्ताशयातले खडे, गर्भपिशवी, गुडघा बदलणं अशी आधी तारीख ठरवून होणारी ऑपरेशनं ऐनवेळी रद्द झाली की नातेवाईक चिडतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. रजा टाकलेली असते, गावाहून गाडी केलेली असते, पेशंट रात्रीपासून उपाशी असतो. भूल-तपासणीच्या ओपीडीबाहेर लोकांचे कागद लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते. तिथे एक कारण पुन्हा पुन्हा दिसतं. हृदयाबद्दलची एखादी गोष्ट घरात सगळ्यांना माहीत असते, पण सर्जनला ती कोणी सांगितलेली नसते.

हर्नियाचे एक काका आले होते. फॉर्मवर ‘हृदयविकार आहे का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलेलं. भूलतज्ज्ञांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग विचारलं, “लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का?” काका गप्प. काकू दारातूनच म्हणाल्या, “यांना एकवीस दिवसांची सुई होती ना! सासूबाई न्यायच्या. लग्नाआधीच बंद केली.” दर २१ दिवसांनी पेनिसिलिनची ती सुई लहान मुलांना ऱ्हुमॅटिक तापानंतर देतात, हृदयाच्या झडपांना आणखी इजा होऊ नये म्हणून. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर झडप अरुंद निघाली. काका खोटं बोलले नव्हते. हृदयविकार म्हणजे ॲटॅक, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

म्हणून निदान झालेलं नसलं तरी शंका सांगा. शाळेच्या तपासणीत ‘छिद्र आहे’ म्हणाले होते, बाळंतपणात कोणी ‘व्हॉल्व्ह’चं बोललं होतं, अचानक डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडला होतात, झोपताना दोन-तीन उशा लागतात, संध्याकाळी पाय सुजतात, सख्ख्या भावाचा किंवा वडिलांचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला, यातलं काहीही. दोन जिने न थांबता चढता येतात का, हेही विचारतात. गुडघ्याच्या पेशंटांनी इथे विशेष लक्ष द्यावं. गुडघ्यामुळे तुम्ही जिना चढतच नाही, त्यामुळे दम लागतो की नाही हे तुम्हालाच कळलेलं नसतं. ‘दम लागत नाही’ असं न सांगता ‘चालणंच होत नाही’ असं सांगा.

“कार्डिओग्राम नॉर्मल आहे” हे उत्तर पुरेसं नाही. कार्डिओग्राम त्या काही सेकंदांचं चित्र दाखवतो. झडप किती अरुंद आहे हे इकोत दिसतं, मध्येच येणारी धडधड त्यातही सापडेलच असं नाही. “आम्ही पूर्ण भूल घेणारच नाही, कमरेतून घेणार” हाही चुकीचा दिलासा आहे. कमरेच्या भुलेने रक्तदाब उतरतो. महाधमनीची झडप फार अरुंद असेल तर हृदयाला तो सावरता येत नाही.

बाकी प्रक्रिया साधी आहे: सर्जन तारीख देतात, रक्त, कार्डिओग्राम, गरजेप्रमाणे छातीचा एक्स-रे, मग भूलतज्ज्ञ, आणि शंका असल्यास फिजिशियन किंवा कार्डिओलॉजिस्टचं फिटनेस, म्हणजे ऑपरेशनला हरकत नाही असं पत्र. शंका तारीख घेतानाच सांगितली तर इकोची रांग त्या मधल्या दिवसांत संपते. ट्रॉलीवर सांगितली तर ऑपरेशनच पुढे जातं.

कोणाकडेच नसतो तो कागद

जुना इको, ॲन्जिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड, पेसमेकरचं कार्ड. पेसमेकरचं कार्ड तर हवंच, कारण ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला वापरतात त्या विजेच्या उपकरणाने पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. कागद हरवला असेल तर जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायला हवेत, मात्र भरती पेशंटांचं रेकॉर्ड ३ वर्षंच ठेवणं बंधनकारक आहे. “पुढच्या आठवड्यात या” म्हणाले तर हा नियम शांतपणे दाखवा. कागद मिळालाच नाही तर निदान चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणा. “एक पांढरी, एक गुलाबी” यावरून कोणालाच काही कळत नाही.

दिवस मोजण्यात होणारी चूक

रक्त पातळ करणारी गोळी, उदाहरणार्थ क्लोपिडोग्रेल, बंद करायची ठरली तर साधारण ५ दिवस आधी करतात. हे दिवस ऑपरेशनच्या तारखेपासून मागे मोजायचे, भरती होण्याच्या तारखेपासून नाही. आणि ती स्वतःहून कधीच बंद करू नका. औषध लावलेला स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकला असेल तर तातडीचं नसलेलं ऑपरेशन बहुतेकदा ६ महिने, ॲटॅकनंतर टाकलेला असेल तर वर्षभर थांबवतात. त्याआधी गोळी सुटली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनसारखी साखरेची गोळी आता हृदयासाठीही देतात, ती सहसा ३ दिवस आधी थांबवतात आणि तीच सांगायची राहून जाते. ‘उपाशी या’ म्हणजे सगळ्या गोळ्या बंद, असंही नाही. काही गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्याच असतात. कोणती घ्यायची, कोणती नाही, हे एकेक गोळीपुढे भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या.

विम्याची भीती

खरं सांगितलं तर कॅशलेस नाकारतील, म्हणून लोक लपवतात. हे बघून फार वाईट वाटतं, कारण जीव जातो तो टेबलावर, विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएच्या कार्यालयात नाही. सध्याच्या नियमांत पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार घेतले तो आजार ‘आधीपासूनचा’ धरतात. कधीच कोणाला न दाखवलेली धडधड आणि निदान झालेला आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरी अडचण वेगळीच असते. केसपेपरवर घाईत ‘४ वर्षांपासून छातीत दुखतं’ असं लिहिलं जातं आणि त्यावरून विमा कंपनीची क्वेरी येते. तेव्हा त्रास कधीपासून आहे ते नेमकं सांगा, लिहिलेलं वाचा, चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन असेल आणि इकोमुळे तारीख पुढे गेली, तर हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनीसांना, म्हणजे आरोग्यमित्रांना, त्याच दिवशी कळवा.

फिटनेस मिळाल्यावर, अगदी आदल्या रात्री छातीत दुखलं किंवा नवीन दम लागला, तरी सांगायची वेळ गेलेली नसते. वॉर्डातल्या सिस्टरना लगेच उठवा, सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.