चीनचे आकडे खोटे, मग विश्लेषक करतात काय?

‘चीनचे सगळेच आकडे बनावट, तिथल्या अर्थव्यवस्थेवर लिहिणारे नुसते अंदाजपंचे बोलतात,’ हे विधान वर्षानुवर्षं फिरतंय. पुरावा म्हणून पुढे चीनचे पंतप्रधान झालेले ली कछ्यांग यांचं नाव पुढे केलं जातं.

२००७ साली ली लिआओनिंग प्रांतात कम्युनिस्ट पक्षाचे सचिव होते. जेवताना अमेरिकी राजदूतांना ते म्हणाले, जीडीपीच्या आकड्यांवर भरवसा नाही. मी वीजवापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांचं कर्जवाटप पाहतो. २०१० मध्ये गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्समुळे हे बाहेर आलं. लोक पहिलं अर्धं वाक्य तेवढं सांगतात. दुसऱ्या अर्ध्यात तर विश्लेषकाचं सगळं काम आहे: सरकारी आकडा दुसऱ्या आकड्यांशी ताडून पाहणं!

चीनने जाहीर केलेली निर्यातही अशीच समोरच्या देशाच्या आयातीशी ताडून पाहता येते. त्यात हाँगकाँगमार्गे गेलेला माल वेगळा काढावा लागतो, नाहीतर नसलेली तफावत दिसते.

लींचं त्रिकूटही डोळे झाकून वापरता येत नाही. २०१५ मध्ये रेल्वेची मालवाहतूक घटली, वीजवापर जेमतेम वाढला, सरकारी विकासदर मात्र ६.९ टक्के. शंका घेणं रास्तच. पण कोळसा आणि पोलाद मंदावले होते, सेवाक्षेत्र अर्थव्यवस्थेच्या निम्म्यावर पोचलं होतं, आणि सेवांना मालगाडी लागत नाही.

लबाडी होत नाही असं मुळीच नाही. २०११ ते २०१४ दरम्यान महसुलाचे आकडे फुगवल्याची कबुली २०१७ मध्ये लिआओनिंगच्याच गव्हर्नरांनी जाहीरपणे दिली.