बदनामीचा दावा : खरं-खोटं सिद्ध कोणी करायचं?

अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा जवळपास सगळीकडे लावता येतो. पण मजकूर खोटा आहे हे वादीने दाखवायचं, की तो खरा आहे हे लिहिणाऱ्याने, इथे देशादेशांच्या वाटा फुटतात. माझ्या मते या कायद्यातला सगळ्यात वजनदार प्रश्न हाच आहे. पुरावा ज्याच्या गळ्यात पडतो, तो निम्मी लढाई आधीच हरलेला असतो.

इंग्लंडमध्ये निंदानालस्तीची प्रकरणं पूर्वी चर्चच्या न्यायालयांत चालत. तिथे शिक्षा म्हणजे प्रायश्चित्त आणि माफी, भरपाई नाही. सोळाव्या शतकात लोक त्यासाठी राजाच्या न्यायालयांकडे वळले. तिथे एक गृहीतक रुजलं : वादीची अब्रू चांगलीच आहे, म्हणजे तिला बट्टा लावणारं विधान खोटं, खरं असेल तर प्रतिवादीने तसं सिद्ध करावं. ब्रिटिश सत्तेबरोबर ते ऑस्ट्रेलिया, कॅनडा, भारतात पोहोचलं.

अमेरिकेतही बराच काळ हेच चाललं. २९ मार्च १९६० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये नागरी हक्क चळवळीसाठी मदत मागणारी पानभर जाहिरात आली. तीत चुका होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांना सात वेळा अटक झाल्याचं छापलं होतं, झाली होती चार वेळा. विद्यार्थ्यांनी कोणतं गाणं म्हटलं तेही चुकलं होतं. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहराचे, पोलिस खातं सांभाळणारे कमिशनर सलिव्हन यांनी पोलिसांवरची टीका म्हणजे आपली बदनामी, असं म्हणत दावा लावला. त्यांचं नावसुद्धा जाहिरातीत नव्हतं. तरी ज्युरीने त्यांना ५ लाख डॉलर दिले. अलाबामात त्या वर्तमानपत्रावर असे आणखी दावे उभे होते. वार्तांकनच बंद पाडण्याची ताकद त्यांच्यात होती. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. सार्वजनिक अधिकाऱ्याला जिंकायचं तर खोटं आहे हे माहीत असून, किंवा खऱ्या-खोट्याची पर्वा न करता छापलं, हे त्यानेच दाखवावं.

इतकी लांब उडी फारशी कोणी घेतली नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल निकालात अधिकाऱ्यांच्या कर्तव्याशी निगडित टीकेपुरता हा विचार उचलला. दक्षिण आफ्रिका (१९९८), ब्रिटन (१९९९) आणि कॅनडा (२००९) इथल्या न्यायालयांनी मधला मार्ग काढला : पत्रकाराने नीट शहानिशा केली असेल, तर चूक निघाली तरी त्याला बचाव आहे.

इंटरनेटमुळे ही तफावत सीमा ओलांडून भिडली. न्यू जर्सीतल्या सर्व्हरवरच्या लेखासाठी मेलबर्नच्या उद्योजकाने घरच्या राज्यातच लावलेला दावा ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तिथलं हे सर्वोच्च न्यायालय) २००२ मध्ये चालू दिला. वादी सोयीचा देश निवडू लागले; लंडनचं नाव त्यात पुढे होतं. अमेरिकेने २०१० मध्ये कायदा करून, आपल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कसोटीला न उतरणारे परदेशी निकाल अंमलात आणायचं नाकारलं. ब्रिटननेही २०१३ मध्ये कायदा बदलला. अब्रूला गंभीर हानी झाली किंवा होण्याचा संभव आहे, हे आता वादीला दाखवावं लागतं. विधान खरं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र तिथे अजून प्रतिवादीवरच आहे.