वूम बंद पडलं कधी, 2005 ला की 2009 ला?

दोन्ही वर्षं बरोबर आहेत. अमेरिकेत वूम नावाच्या गोष्टीच दोन होत्या.

पहिली म्हणजे घरावर छत्री बसवून देणारी डीटीएच सेवा. केबलव्हिजन या केबल टीव्ही कंपनीचे संस्थापक चार्ल्स डोलन यांनी ती ऑक्टोबर 2003 मध्ये सुरू केली. त्याआधी जुलैमध्ये रेनबो-1 हा स्वतःचा उपग्रहही सोडून झाला होता. डायरेक्टव्ही आणि डिश नेटवर्क या प्रतिस्पर्धी डीटीएच सेवांकडे तेव्हा एचडी चॅनल तोंडी लावण्यापुरते. वूमचा सगळा भरवसा एचडीवरच. पण उपग्रह होता 61.5 अंश पश्चिम रेखांशावर, म्हणजे पूर्व किनाऱ्याच्या सोयीचा. सिएटलच्या माणसाला छत्री आग्नेयेकडे, जवळजवळ क्षितिजाला समांतर रोखावी लागायची. मध्ये शेजारच्याचं झाड आलं की चित्र गेलंच! त्यात ग्राहक हजारांतच अडकले आणि खर्च कोट्यवधी डॉलरचा. मुलगा जेम्स म्हणे बंद करा, वडील ऐकेनात. शेवटी 30 एप्रिल 2005 ला सेवा थांबली. उपग्रह गेला डिश नेटवर्क चालवणाऱ्या एकोस्टारकडे.

दुसरं वूम म्हणजे वूम एचडी नेटवर्क्स, नुसता चॅनलांचा संच: भयपटांचा मॉन्स्टर्स एचडी, मैफलींचा रेव्ह एचडी, शिवाय कुंग फू एचडी. आपल्याकडे टाटा प्ले आणि झी मराठी यांत जो फरक, तोच इथे. गोंधळ वाढतो तो पुढे. पहिलं वूम बंद झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 1 मे 2005 ला, हे चॅनल दिसू लागले ते डिश नेटवर्कवर, म्हणजे कालच्या प्रतिस्पर्ध्याच्या छत्रीत.

करार 15 वर्षांचा. त्यात अट अशी की वूमने दरवर्षी सेवेवर 10 कोटी डॉलर खर्च करायचे. तेवढे झालेच नाहीत, असं म्हणत डिशने मे 2008 मध्ये चॅनल काढून टाकले. घराघरांत पोचण्याची मुख्य वाटच बंद झाल्यावर काय उरणार? जानेवारी 2009 मध्ये अमेरिकेतलं प्रसारण संपलं.

वूमचा एकोस्टारशी कोर्टकज्जा मात्र चालूच राहिला. वाद कोर्टात जाणार हे दिसत असतानाही एकोस्टारने ईमेल आपोआप पुसले जाऊ दिले, यावर न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ताशेरे ओढले. ई-पुराव्यांच्या बाबतीत वकील आजही या खटल्याचा दाखला काढतात. ऑक्टोबर 2012 मध्ये तडजोड झाली आणि डिशने 70 कोटी डॉलर मोजले. ते केबलव्हिजन आणि तिच्यातूनच वेगळ्या झालेल्या एएमसी नेटवर्क्सला मिळाले, तेव्हा अमेरिकेत दोन्हींपैकी एकही वूम पडद्यावर नव्हतं.